सूर्यास्त चुकवणारा डबा

"मॅडम, तुमच्या डब्यानं माझ्या आईचं व्रत मोडलं."

सकाळी सकाळी फोनवर हे वाक्य. सपोर्टच्या नोकरीत लोक काय काय सांगतात याची मला सवय आहे. गीझर तापत नाही, पडदा अर्ध्यावर अडकला, जावई आले आणि गेटच उघडेना. पण व्रत मोडल्याची तक्रार पहिलीच. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्रारीचा प्रकार निवडावा लागतो. मी बराच वेळ शोधलं आणि शेवटी 'इतर' वर टिक केलं.

फोन राजूभाऊंचा होता. जळगावात त्यांची डाळ मिल आहे. माणूस एरवी गोड. बिल पाठवलं तरी "मॅडम, चहाला या" म्हणणारा. त्या दिवशी मात्र आवाज असा होता की चहाचं नाव काढायची सोय नव्हती.

मी वैशाली. घरात ऑटोमेशन बसवून देणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये सपोर्ट बघते. ऑफिस धुळ्याला, मी जळगावात, आणि ग्राहक चोपड्यापासून पहूरपर्यंत कुठेही. आम्ही जे बसवतो त्याला कंट्रोलर म्हणतात. घरातले दिवे, पंखे, पडदे, पाण्याची मोटर, सगळ्यांना हुकूम सोडणारा एक पांढरा डबा. अमुक वाजता मोटर चालू कर, तमुक वाजता गेटचा दिवा लाव. ग्राहक त्याला डबाच म्हणतात. कंपनीच्या मीटिंगमध्ये मी कंट्रोलर म्हणते, बाकी वेळ डबा.

राजूभाऊंच्या आईला सगळे बाईजी म्हणतात. घर जैन, स्थानकवासी पंथाचं. बाईजींचा चौविहार असतो, म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. बाळंतपणात नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशीही नाही. डबा बसवला तेव्हा राजूभाऊंनी आईसाठी हौसेनं एक खास सोय करून घेतली होती. रोज सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बाईजींच्या खोलीत घंटा वाजायची. घंटा वाजली की बाईजी जेवायला बसायच्या.

आदल्या दिवशी घंटा वाजली, बाईजी बसल्या. बाहेर आभाळ गच्च भरलेलं, सूर्य दुपारपासूनच गायब. भाकरी संपत आली तेवढ्यात शेजारच्या चंचलबाई प्रतिक्रमणाला बोलवायला आल्या. प्रतिक्रमण म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, ती सूर्यास्तानंतर असते. चंचलबाई दारातच थबकल्या. "बाईजी, तुम्ही अजून जेवताय?"

बाईजींनी घास खाली ठेवला. सकाळी साध्वीजींकडे जाऊन प्रायश्चित्त मागून आल्या.

मी पोचले तेव्हा बाईजी पलंगावर बसल्या होत्या. मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी आभाळाकडे बघून जेवले. मग हा डबा आला आणि मी आभाळाकडे बघायचं सोडलं. चूक माझीच आहे. पण चातुर्मास चालू आहे. परत असं झालं तर मला सहन होणार नाही. तुला जमत असेल तर नीट कर. नाहीतर काढून घेऊन जा."

घंटेचा प्रोग्राम मीच लिहिला होता.

डबा त्यांच्याच खोलीत होता. दोन मजल्यांच्या मधोमध तीच खोली, सिग्नल सगळीकडे पोचावा म्हणून तिथे बसवलेला. मी लॅपटॉप जोडला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. डब्याला सूर्य दिसत नाही. जळगाव नकाशावर कुठे आहे आणि आज तारीख कोणती, यावरून तो सूर्यास्ताची वेळ काढतो. ते गणित बरोबर होतं. चुकलं होतं ते घड्याळ. डबा पाऊण तासाहून जास्त मागे चालला होता. म्हणजे डब्याच्या मते सगळं वेळेवरच होतं, मागे राहिला होता तो एकटा.

मी घड्याळ बरोबर केलं आणि घंटा वाजवून दाखवली.

"मोबाईलवरही बघत जा की," मी राजूभाऊंच्या बायकोला, संगीताभाभींना म्हटलं.

"बघितलं ना काल," भाभी म्हणाल्या. "यांच्या मोबाईलमध्ये जळगावचा सूर्यास्त, माझ्यात मुंबईचा, आणि आमच्या माहेरच्या ग्रुपवर जोधपूरचा फोटो आला. तिघांचे तीन सूर्य. बाईजी म्हणाल्या, बंद करा ते खेळणं."

मी ऑफिसला फोन केला. आमचे मालक नाना मूळचे धुळ्याचे. इंग्रजी पत्रं झकास लिहितात, पण चिडले की अहिराणीत येतात.

"काय झालं?"

"घड्याळ मागे पडलं होतं. लाइट गेली असेल. लावून दिलं."

"मी कवयपासून सांगी ऱ्हायनू, तो डबा म्हातारा व्हयी गया. कंपनीनी मेल वाची का? एंड ऑफ सपोर्ट. बदली टाक ना!"

एंड ऑफ सपोर्ट म्हणजे काय, तर डबा बनवणारी कंपनी सांगते, या मॉडेलला आता आम्ही विचारणार नाही. नवीन अपडेट नाहीत, दुरुस्त्या नाहीत. डबा बंद पडत नाही, तो चालतच राहतो, फक्त त्याच्यामागे कुणी उभं नसतं. असा मेल आला की नानांना सगळ्या जळगावात नवीन डबे दिसायला लागतात. मला उलटं वाटतं. चाललेल्या वस्तूला उगीच हात लावू नये या मताची मी आहे. माझा स्वतःचा फोन बघून ग्राहक हळहळतात.

"नाना, डबा चांगला आहे. घड्याळ फक्त चुकलं."

"बरं," नाना म्हणाले. त्यांच्या 'बरं'चा अर्थ 'बघतोच' असा असतो.

संध्याकाळी राजूभाऊंचा फोन. घंटा पुन्हा उशिरा. या वेळी घरातले सगळे घड्याळाकडे डोळे लावून बसले होते, त्यामुळे बाईजी वेळेत जेवल्या. पण व्रत आता सगळ्या घराचं झालं होतं. चारच्या पुढे डाळ मिलमधून राजूभाऊंचे फोन सुरू झाले होते, "आई बसली का?"

मी रात्री कंपनीचे मेल उघडून बसले, नाना म्हणत होते तेच. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की जुन्या मॉडेलसाठीचा टाइम सर्व्हरही कालच्या तारखेपासून बंद केला आहे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या डब्याला स्वतःचं पक्कं घड्याळ नाही. चालू असेपर्यंत तो वेळ मोजतो. बंद करून परत चालू केला की इंटरनेटवरून कंपनीला विचारतो, किती वाजले? कंपनी सांगायची, हा ऐकायचा. आता विचारतो तर पलीकडे कुणी नाही. मग बंद पडताना जी वेळ होती तिथूनच तो पुढे मोजायला लागतो. दुपारी डुलकी लागलेला माणूस उठतो आणि अजून दोनच वाजलेत असं समजून कामाला लागतो, अगदी तसं.

म्हणजे डबा रोज पाऊण तासापेक्षा जास्त वेळ बंद असतो. पण कसा? घरात इन्व्हर्टर आहे. लाइट गेली तरी डबा चालू राहतो. मी सकाळी फोन करून राजूभाऊंना विचारलं.

"घरात कुणी डबा बंद करतं का?"

"छे. कोण करणार?"

"पोरं? कामवाली?"

"पोरं पुण्याला आहेत. कामवालीला आईच्या खोलीत झाडू मारायलासुद्धा आईची परवानगी लागते."

"बाईजी?"

राजूभाऊ हसले. "मॅडम, आईला टीव्हीचा रिमोट धरता येत नाही."

विषय संपला. मीही हसले. रिमोट न धरणाऱ्या माणसाच्या हातून डबा बंद कसा होईल, हे मला पटलं. इन्व्हर्टरच बिघडला असणार, असं मी ठरवून टाकलं.

कंपनीनं जाता जाता एक शेवटचं अपडेट दिलं होतं. ते टाकलं की डबा कंपनीऐवजी घरातल्या राउटरला वेळ विचारणार होता. म्हणजे प्रश्न मिटला. आधी पहूरला एका ग्राहकाकडे जायचं होतं, म्हणून राजूभाऊंकडे मी दुपारी पोचले. यापूर्वी मी तिथे नेहमी सकाळीच गेले होते, हे लक्षात ठेवा.

बाईजी खोलीत होत्या. मी म्हटलं, "बाईजी, आज कायमचं नीट करते. थोडा वेळ लागेल."

"कर," त्या म्हणाल्या आणि आसन अंथरायला लागल्या.

अपडेट सुरू झालं. लॅपटॉपवर निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. अपडेट चालू असताना एकच पथ्य असतं, वीज तोडायची नाही. डबा त्या वेळी आपली जुनी बुद्धी पुसून नवी लिहीत असतो. मध्येच वीज गेली तर जुनीही नाही आणि नवीही नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, डब्याची वीट झाली. त्यानंतर त्याचा उपयोग कागद उडू नये म्हणून वर ठेवण्याइतकाच.

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती. मी समाधानानं मान वर केली. बाईजींनी तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधली होती. त्या सावकाश भिंतीजवळ आल्या, वाकल्या, आणि रोज देव्हाऱ्यातला दिवा शांत करावा इतक्या सहज त्यांनी डब्याचं बटण बंद केलं.

"बाईजी!" मी किंचाळले.

बाईजींनी माझ्याकडे शांतपणे बघितलं, आसनावर जाऊन बसल्या आणि डोळे मिटले.

संगीताभाभी धावत आल्या. मी बोट दाखवलं. भाभींनी डोक्याला हात लावला. "सामायिक सुरू झालं. आता दोन घटका त्या बोलणार नाहीत."

सामायिक म्हणजे ठरलेला वेळ एका जागी बसून मन शांत ठेवायचं. दोन घटका, म्हणजे पाऊण तासाला थोडं वर. तेवढा वेळ संसाराची गोष्ट नाही, आणि त्यांच्या पंथात विजेची वस्तू जवळ चालू असलेलीही चालत नाही. पाऊण तासाला थोडं वर. हा आकडा मी कालच डब्याच्या घड्याळात बघितला होता. आणि सकाळपासून मी इन्व्हर्टरला शिव्या देत होते.

आम्ही दोघी पाय न वाजवता बाहेर आलो. मी जिन्यात उभी राहून कुजबुजत नानांना फोन लावला.

"नाना, डब्याची वीट झाली."

"कशी काय?"

"ग्राहकानं अपडेटमध्ये बटण बंद केलं."

"मंग चालू कर ना!"

"आता चालू करून उपयोग नाही. आणि सामायिक चालू आहे, खोलीत जाता येत नाही."

"तू एवढं हळू कसाले बोलस?"

"सांगितलं ना, सामायिक चालू आहे."

मग नानाही कुजबुजायला लागले. धुळ्यात बसून. "बठ्ठं घर बंद पडी गयं का?"

बठ्ठं, म्हणजे सगळंच नाही, पण पुष्कळ. गेल्या वर्षी हॉलचं काम काढलं तेव्हा राजूभाऊंनी भिंतीवरची बटणं काढून टाकली होती. जुनाट दिसतात म्हणे. आता डबा मेला आणि हॉलमध्ये एकही दिवा लावायची सोय उरली नाही. पडदे बंद होते ते बंदच राहिले. भाभी त्या अंधारात मोबाईलच्या उजेडात दोडके सोलत बसल्या.

सामायिक झाल्यावर बाईजींनी मुहपत्ती सोडली आणि बाहेर आल्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "काय झालं? असे तोंड पाडून का बसलात?"

"बाईजी, तुम्ही डबा बंद केला."

"हो. रोज करते."

"रोज?"

"बसवला तेव्हापासून. सामायिक झालं की परत चालू करते. आत्ताही केलं, पण लाल दिवा लागला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं कुठे?" बाईजी म्हणाल्या. "तू राजूला विचारलं. राजू दुपारी घरी असतो का?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे घंटा...?"

"आज वाजणार नाही, बाईजी."

त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेल्या. बाहेर आभाळ तसंच मळकट, सूर्याचा पत्ता नाही. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशीचं ते उतरलेपण परत दिसायला लागलं. मला ते बघवेना.

"भाभी, तुमच्या जैन स्थानकात सूर्यास्ताच्या वेळांचा तक्ता मिळतो ना, जळगावचा?"

तक्ता स्वयंपाकघरात दाराच्या मागेच टांगलेला होता. अक्षर इतकं बारीक की मोतीबिंदूनंतर बाईजींनी त्याचा नाद सोडलेला. मी तारीख शोधली, सूर्यास्ताची वेळ बघितली, मोबाईलच्या घड्याळाशी ताडून घेतली. भाभींकडून स्टीलची थाळी आणि चमचा मागितला आणि हॉलच्या अंधारात खुर्ची टाकून बसले. नानांचे फोन येत होते, घेतले नाहीत. एका डोळ्यानं तक्ता, एका डोळ्यानं मोबाईल. कॉलेजमध्ये परीक्षेच्या वेळीही मी घड्याळाकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं.

बरोबर अर्धा तास आधी मी थाळी वाजवली. जरा जास्तच जोरात वाजली. शेजारून चंचलबाई खिडकीत आल्या. "काय हो, काय झालं?"

"काही नाही," बाईजी ओरडून म्हणाल्या, "जेवायची वेळ झाली."

बाईजी बसल्या. "तूही बस," मला म्हणाल्या. मी नको म्हटलं. "डब्याला जेवायला लागत नव्हतं, तुला लागेल," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. मुगाची डाळ, भाकरी, दोडक्याची भाजी. अंधारात मोबाईलच्या उजेडावर आम्ही जेवलो. सूर्यास्ताला थोडा वेळ उरला तेव्हा मी परत थाळी वाजवली. बाईजी पाण्याचा शेवटचा घोट प्यायल्या, ग्लास पालथा ठेवला आणि हात जोडून पुटपुटल्या. मग माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या.

"हे मॉडेल चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "राजू, हेच बसव."

राजूभाऊ नुकतेच मिलमधून आले होते, अंधारात चाचपडत. ते हसले, आणि मग मला म्हणाले, "मॅडम, किती महिने मी विचार करतोय, बदलू की नको. आईनं एका बोटानं निकाल लावला."

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः नवीन डबा घेऊन धुळ्याहून आले. चेहऱ्यावर विजय मावत नव्हता. या डब्याला आत स्वतःचं घड्याळ आहे, आणि त्याला कंपनीला वेळ विचारावी लागत नाही. नानांनी तो आधी होता तिथेच लावायला घेतला. मी हात धरला.

"इथे नाही. बाईजी, डबा कुठे ठेवू?"

बाईजींनी जिन्याखालची जागा दाखवली. त्यांच्या खोलीत फक्त घंटा राहिली, आणि तिला सामायिकात गप्प ठेवायचं एक बटण. हॉलमध्ये राजूभाऊंनी निमूटपणे साधी बटणं परत बसवून घेतली. नवीन डबा वीज गेली की इंग्रजीत बोलतो, हे नानांनी कौतुकानं दाखवलं. मी त्याचं तोंड बंद केलं.

परत जाताना गाडीत नाना म्हणाले, "बघ, मी पहिलेच सांगे, बदली टाक."

"नाना, तुमचा नवीन डबा त्याच जागी लावला असता तर बाईजींनी तोही बंद केला असता."

"पन त्याना घड्याळ चालू ऱ्हातं ना!"

ते खरं होतं.

लोक मला विचारतात, जुना कंट्रोलर बदलायचा कधी? कंपनीचा मेल आला की लगेच बदलायची गरज नसते. तो इंटरनेटला जोडलेला असेल आणि दुरुस्त्या येणं बंद झालं असेल, तर फार वाट बघू नये हेही खरं. पण मी आता आधी दुसरंच विचारते. या डब्याच्या भरवशावर घरात कोण काय करायचं सोडून दिलंय, आणि तो चुकला तर ते कुणाला कळेल? कुणालाच कळणार नसेल, तर डबा कालच बसवलेला असला तरी काळजी करा.

बाईजींना मात्र आता कळतं. घंटा वाजायच्या आधीच त्या जेवून मोकळ्या होतात आणि पाण्याचा ग्लास घेऊन बसतात. घंटा झाली की तक्त्याशी ताडून बघतात. तक्त्याची मोठ्या अक्षरातली प्रत मी त्यांना काढून दिली आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, थेट मला.

"पोरी, आज घंटा एक मिनिट लवकर वाजली."

मी तपासलं. डबा बरोबर होता, त्यांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मागे होतं. मी तसं सांगितलं.

"बरं," बाईजी म्हणाल्या. "पण तू उद्या येऊन बघून जा. दुपारी ये."

मी दुपारी गेले. सकाळी जायचं मी सोडलं आहे.